नाव तेच, नौका वेगळी: विक्रांत, खुकरी आणि तलवार

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. १९७१ च्या युद्धात लढलेली 'विक्रांत' आणि आज नौदलात असलेली 'विक्रांत' ही एकच नौका आहे का, जुनीच दुरुस्त करून नवी केली आहे का, हा पहिला प्रश्न. शत्रूने बुडवलेल्या 'खुकरी'चे नाव पुन्हा दुसऱ्या नौकेला देणे अशुभ मानले जात नाही का, हा दुसरा. आणि आपल्या आजोबांच्या १९४५ सालच्या कागदांवर 'तलवार' असे लिहिलेले आहे, पण 'तलवार' नावाची युद्धनौका तर स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली, मग आजोबा नेमके कोणत्या जहाजावर होते, हा तिसरा. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मुंबईत युद्धनौकांच्या यंत्रांची देखभाल करण्यात गेली आणि निवृत्तीनंतरची काही वर्षे जुन्या नौकांचे कागद लावण्यात. हे तिन्ही प्रश्न निरनिराळ्या रूपांत मला नेहमी विचारले जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. त्या दोन पूर्णपणे वेगळ्या विमानवाहू नौका आहेत. पहिल्या विक्रांतची बांधणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने सुरू झाली. १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले, पण युद्ध संपल्यामुळे काम थांबले आणि ती अर्धवट अवस्थेत बरीच वर्षे पडून राहिली. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत तिचे काम पूर्ण करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ती 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती मुंबईला आली तेव्हा तिच्या स्वागताला पंडित नेहरू हजर होते. दुसरी विक्रांत कोचीच्या गोदीत बांधली गेली. तिचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये बसवला, जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ रोजी झाले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली. पहिली सुमारे २१३ मीटर लांब आणि जेमतेम वीस हजार टनांची होती. दुसरी २६२ मीटर लांब असून तिचे वजन त्याच्या दुपटीहून अधिक आहे.

यंत्रे पाहणाऱ्या माणसाला हा फरक आकड्यांपेक्षाही अधिक जाणवतो. पहिली विक्रांत वाफेवर चालणारी होती. १९७१ मध्ये तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला होता, आणि विमानवाहू नौकेला वेग कमी असून चालत नाही, कारण विमान उडवताना समोरून पुरेसा वारा मिळावा म्हणून नौकेला स्वतः वारा येतो त्या दिशेने वेगाने जावे लागते. अशा अवस्थेत ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव येथील तळांवर व बंदरांवर हल्ले केले. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसांची त्या दिवसांतली कामगिरी वैमानिकांच्या कामगिरीइतकीच मोठी होती, असे मी नेहमी सांगतो, कारण ती क्वचितच कोणी सांगते. दुसऱ्या विक्रांतवर बॉयलरच नाहीत. ती गॅस टर्बाइनवर चालते. त्यामुळे जुन्या विक्रांतच्या यंत्रखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला नव्या विक्रांतच्या यंत्रखान्यात उभे केले, तर त्याला ओळखीचे फार थोडे सापडेल.

मग नावाबरोबर आले काय? तीन गोष्टी ठरवून आणल्या गेल्या. एक म्हणजे नाव. दुसरा म्हणजे नौकेच्या अंगावर रंगवला जाणारा क्रमांक, ज्याला पेनंट क्रमांक म्हणतात: पहिलीचा आर-११ होता, दुसरीचाही आर-११ आहे. तिसरे म्हणजे बोधवाक्य, ऋग्वेदातले 'जयेम सं युधि स्पृधः', म्हणजे युद्धात आमच्याशी स्पर्धा करणाऱ्यांना आम्ही जिंकू. यांतली कोणतीही गोष्ट आपोआप येत नाही. नौदलाच्या मुख्यालयात नामकरणासाठी समिती असते, तिथे जुन्या नावांचा विचार होतो, आणि वारशाने नाव दिले तरी त्याच्याबरोबर क्रमांक व बोधवाक्य द्यायचे की नाही हा पुन्हा वेगळा निर्णय असतो. नौकेचे बांधकाम सुरू असताना गोदीतले कामगार तिला नावाने हाक मारत नाहीत, तर क्रमांकाने ओळखतात. जलावतरणाच्या वेळी नारळ फोडून, अथर्ववेदातील मंत्र म्हणून नाव उच्चारले जाते आणि त्यानंतरही, ती नौदलात रीतसर दाखल होऊन तिच्यावर ध्वज चढेपर्यंत, नावाआधी 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप) लावले जात नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला आजही टोचते. पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि नंतर बरीच वर्षे मुंबईत तरते संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते संग्रहालय बंद झाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोचीला नव्या विक्रांतचे जलावतरण झाले, त्या वेळी जुनी विक्रांत अजून मुंबईच्या बंदरात तरंगत होती. म्हणजे वर्षभराहून अधिक काळ या देशात एकाच नावाची दोन लोखंडी शरीरे पाण्यावर होती, एक सेवेत यायची होती आणि एक सेवेतून गेलेली होती. मग जुनी भंगारात विकली गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारुखाना या जहाजतोडणीच्या भागात तिचे तोडकाम सुरू झाले. जुन्या नौकेचे तरते संग्रहालय चालवणे किती कठीण असते हे मला चांगले माहीत आहे: पाण्याखालचा पत्रा वर्षागणिक पातळ होतो, ठरावीक काळाने तिला सुक्या गोदीत घ्यावेच लागते, आणि २१३ मीटरची नौका घेणारी गोदी रिकामी मिळत नाही. तरीही माझे मत असे आहे की, तिला जमिनीवर कायमची जागा द्यायला हवी होती. 'नाव तर नव्या नौकेला मिळालेच आहे' हे समाधान त्या काळात वारंवार ऐकू यायचे. नाव पुढे जाणे आणि मूळ वस्तू जपणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, एकाने दुसरे भागत नाही.

विक्रांतच्या आधीच्या पिढीत प्रकार नेमका उलटा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय नावांचा हा विषय नीट उलगडत नाही. आज आपण एक नाव आणि अनेक नौका पाहतो. त्या काळी एकाच नौकेला अनेक नावे होती. स्वातंत्र्यानंतर भारताने १९४८ मध्ये घेतलेली क्रूझर (मोठ्या तोफांची युद्धनौका) 'दिल्ली' ही मुळात 'अकिलीस' होती, जी न्यूझीलंडच्या नौसैनिकांनिशी डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौकेविरुद्ध लढली होती. तिच्या निवृत्तीनंतर तिच्या तोफांचा एक बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला आणि तो ऑकलंडच्या नौदल तळावर उभा आहे, म्हणजे तिच्या एका नावाची आठवण तिकडे जपली गेली आणि दुसऱ्या नावाची इकडे. दुसरी क्रूझर 'म्हैसूर' ही १९५७ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिचे आधीचे नाव 'नायजेरिया' होते. १९७१ मध्ये ती पश्चिमी ताफ्याची प्रमुख नौका होती. ती १९८५ मध्ये निवृत्त झाली.

पुढे माझगाव गोदीत बांधलेल्या विनाशिकांना (डिस्ट्रॉयर) 'दिल्ली' (१९९७) आणि 'म्हैसूर' (१९९९) ही नावे दिली गेली. म्हैसूरच्या बाबतीत क्रमांकाकडे पाहावे. पहिली सी-६०, दुसरी डी-६०. अक्षर बदलले, कारण अक्षर नौकेचा प्रकार सांगते आणि क्रूझरची जागा विनाशिकेने घेतली होती. आकडा मात्र तोच ठेवला. नावाच्या बाबतीतही एक लक्षात घेण्यासारखी बाब आहे. पहिली म्हैसूर सेवेत असतानाच १९७३ मध्ये म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, पण नौकेचे नाव बदलले नाही, आणि राज्य नकाशावर नसताना त्याच नावाने दुसरी नौका आली. बोधचिन्हावर म्हैसूरच्या राजचिन्हातला दोन तोंडांचा गंडभेरुंडही आहे. नकाशावरची नावे बदलतात, नौकेचे नाव एकदा मंत्रोच्चाराने दिले की ते सहसा बदलत नाही, असा नौदलाचा कल मला दिसतो.

जुने छायाचित्र हाती आले की ते पहिल्या नौकेचे की दुसरीचे हे ओळखायला क्रमांकाचा फार उपयोग होतो, म्हणून या ठिकाणी थोडे थांबतो. पन्नासच्या दशकातल्या ब्रिटिश बांधणीच्या फ्रिगेटना (मध्यम आकाराच्या युद्धनौकांना) तीन आकडी क्रमांक होते. पुढच्या पिढीत नाव पुन्हा दिले तेव्हा पहिला एक गाळून उरलेले दोन आकडे ठेवण्याची पद्धत अनेकदा दिसते. तलवार एफ-१४० होती, नवी तलवार एफ-४० आहे. त्रिशूल एफ-१४३ होती, नवी एफ-४३ आहे. बियास एफ-१३७ ची एफ-३७ झाली, बेतवा एफ-१३९ ची एफ-३९. खुकरी एफ-१४९ होती, तिच्या नावाची पुढची नौका कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका) असल्यामुळे अक्षर बदलून पी-४९ झाली, आणि तसेच किरपाण व कुठार यांचेही झाले. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत मात्र दोन्ही पिढ्यांचा क्रमांक एफ-३१ हाच आहे, आणि निलगिरीच्या बाबतीत दोन्हींचा एफ-३३. म्हणून केवळ क्रमांकावर विसंबू नये, नौकेची आकृतीही पाहावी. पाणबुड्यांत तर आकड्यांनी जागा बदललेल्या आहेत. जुन्या कलवरीचा क्रमांक एस-२३ आणि जुन्या करंजचा एस-२१ होता. नव्या कलवरीचा एस-२१ आहे आणि नव्या करंजचा एस-२३. खांदेरी तेवढी दोन्ही वेळा एस-२२. कागद लावताना या अदलाबदलीने मी स्वतः एकदा फसलो होतो आणि एका पाणबुडीची नोंद दुसरीच्या फाइलमध्ये कित्येक आठवडे पडून राहिली होती.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला तिन्हींत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिली खुकरी १९५८ मध्ये नौदलात आली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुड्यांचा शोध घेत असताना पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने पाणतीर (टॉर्पेडो) सोडून तिला बुडवले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. नौकेचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली माणसे जमेल तेवढी बाहेर काढली आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर युद्धात शत्रूने बुडवलेली आपली ही एकमेव मोठी युद्धनौका आहे.

आपल्या घरांमध्ये नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, पण ज्याचा अकाली, अपघाती मृत्यू झाला त्याचे नाव पुन्हा ठेवायला अनेक घरे कचरतात. आपल्या प्रश्नामागे तीच भावना असावी आणि ती मी समजू शकतो. नौदलात मात्र विचार उलट्या बाजूने होतो. नाव सोडून दिले, तर त्या नावाबरोबर शेवटची घटना तेवढी शिल्लक राहते, म्हणजे नौका बुडाली. नाव पुन्हा दिले, की त्या नौकेवर नव्याने आलेला प्रत्येक नौसैनिक पहिल्या दिवसापासून त्या १९४ जणांची गोष्ट ऐकतो, ती त्याच्या नौकेची गोष्ट होते, आणि दरवर्षी ९ डिसेंबरला ती त्याच्या डेकवर आठवली जाते. स्मारकापाशी माणसाला जावे लागते. नौकेच्या नावात तो राहतो.

दुसरी खुकरी माझगाव गोदीत बांधली गेली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यापासून त्या वर्गाला (एकाच आराखड्याच्या नौकांच्या गटाला) खुकरी वर्ग असे नाव पडले, म्हणजे ज्या नावाच्या नौकेला जलसमाधी मिळाली, त्याच नावाने चार नौकांचा एक वर्ग ओळखला जाऊ लागला. तिच्याबरोबर किरपाण आणि कुठार ही नावेही परत आली, आणि त्या १९७१ मध्ये पहिल्या खुकरीच्याच तुकडीतल्या नौका होत्या. त्या रात्री किरपाण खुकरीबरोबर होती. मला हा निवडीतला भाग फार सहृदय वाटतो. एकट्या खुकरीला नाव दिले असते, तर ते स्मरण झाले असते. तिच्या सोबतिणींसह तिला परत आणल्यामुळे ती तुकडीच पुन्हा समुद्रावर आली. दुसरी खुकरी बत्तीस वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात, स्मारक म्हणून जपण्यासाठी, दीवच्या प्रशासनाकडे सोपवली गेली. पहिली ज्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात आहे, त्याच किनाऱ्यावर दुसरी आली. नव्या किरपाणची वाट वेगळी झाली: २०२३ मध्ये ती भारताने व्हिएतनामला भेट दिली.

अपशकुनाचा विचार इतर नौदलांनीही फारसा केलेला दिसत नाही. ब्रिटिशांची विमानवाहू 'आर्क रॉयल' नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली आणि पुढच्याच काळात त्यांनी तेच नाव दुसऱ्या विमानवाहू नौकेला दिले. त्याच नावाची आणखी एक गोष्ट आहे. १९३४ मध्ये त्यांना ते नाव नव्या नौकेसाठी हवे होते, पण पहिल्या महायुद्धातली जुनी 'आर्क रॉयल' अजून सेवेत होती. तेव्हा त्यांनी जुनीचे नाव बदलून 'पेगॅसस' केले आणि नाव मोकळे करून घेतले. सेवेतल्या दोन नौकांना एकच नाव असू शकत नाही, हा नियम किती काटेकोर आहे ते यावरून कळावे. संदेशात नुसते नाव येते आणि त्यावरून कोणती नौका हे क्षणात कळले पाहिजे, हे त्यामागचे साधे कारण.

नावे मोकळी होण्याचा आपल्याकडचा सर्वांत विलक्षण प्रसंग फाळणीचा आहे. १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत 'गोदावरी' नावाची लढाऊ नौका आली होती. १९४७ च्या वाटणीत ती पाकिस्तानकडे गेली आणि तिकडे तिचे नाव 'सिंध' झाले. 'नर्मदा'ही तिकडे जाऊन 'झेलम' झाली. नद्यांची नावे नद्यांपाशी परत आली, असेच म्हणायला हवे. त्यानंतर १९५३ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या एका नौकेला गोदावरी नाव मिळाले आणि १९८३ मध्ये माझगाव गोदीत बांधलेल्या फ्रिगेटला पुन्हा तेच. नाशिककरांना ऐकून बरे वाटेल अशी ही गोष्ट आहे: एका नदीच्या तीन युद्धनौका, त्यांतली एक दुसऱ्या देशाकडे गेलेली, एक परदेशातून घेतलेली आणि एक मुंबईत बांधलेली.

मुंबईच्या गोदीचा उल्लेख आलाच आहे, तर निलगिरीचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. माझगाव गोदीत बांधलेली पहिली निलगिरी १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका, ११३ मीटर लांब, ब्रिटिश आराखड्याची. निवृत्तीनंतर १९९७ मध्ये क्षेपणास्त्राच्या चाचणीसाठी लक्ष्य म्हणून ती समुद्रात बुडवण्यात आली. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नवी निलगिरी नौदलात दाखल झाली. तीही माझगाव गोदीतलीच, १४९ मीटर लांब, आराखडा आपल्याच नौदलाच्या संरचना विभागाचा. नाव एक, गोदी एक, क्रमांक एक, आणि मध्ये पन्नासहून अधिक वर्षे. त्या पहिल्या वर्गात सहा नौका होत्या: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. नव्या वर्गात सात आहेत, सहा जुनीच नावे आणि सातवे महेंद्रगिरी, जे नव्याने निवडावे लागले. विंध्यगिरीचे नावही या यादीत परत आले याचे मला समाधान आहे, कारण पहिली विंध्यगिरी २०११ मध्ये मुंबई बंदराजवळ एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली आणि धक्क्यावरच बुडाली होती.

पाणबुड्यांपैकी आपल्या जवळची म्हणजे खांदेरी. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपली गलबते आणून काम थांबवायचा प्रयत्न केला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने त्यांना दाद दिली नाही आणि किल्ला उभा राहिला. मुंबईच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवायची, हे त्या बेटाचे काम होते. पाणबुडीचे कामही यापेक्षा फार वेगळे नाही, म्हणून १९६८ मध्ये सोव्हिएत बनावटीच्या पाणबुडीला आणि २०१९ मध्ये माझगाव गोदीतल्या पाणबुडीला हे नाव दिले जाणे मला फार समर्पक वाटते. वसईसमोरच्या अर्नाळा किल्ल्याचे नावही असेच दोनदा आले आहे: एकदा १९७२ मध्ये, आणि आता जून २०२५ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी नौकेला.

सोव्हिएत बनावटीच्या पहिल्या आठ पाणबुड्यांपैकी सहांची नावे नव्या वर्गात परत आली: कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. राहिली ती कुरसुरा आणि वागली. कुरसुरा स्वतः विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे, माणसे आत जाऊन तिचे पाणतीर आणि झोपायच्या अरुंद जागा पाहतात. विक्रांतबद्दल मी वर जे म्हणालो तेव्हा माझ्या मनात हीच कुरसुरा होती. अर्थात ती नव्वद-एक मीटरची आहे, वाळूवर ओढून घेता आली.

आता आजोबांचा कागद.

१९४५ मध्ये 'तलवार' हे जहाज नव्हतेच. ब्रिटिश नौदलाची एक जुनी पद्धत अशी की, किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजाप्रमाणे नाव द्यायचे, कारण नौदलाच्या शिस्तीचा कायदा माणूस कोणत्या तरी जहाजाच्या पटावर असल्याचे गृहीत धरीत असे. आपल्या नौदलात ही पद्धत आजही आहे: लोणावळ्याचे 'शिवाजी' आणि मुंबईचे 'आंग्रे' हे दोन्ही जमिनीवरचेच तळ आहेत. 'तलवार' ही मुंबईत कुलाब्याला असलेली संदेशवहनाची शाळा होती. बिनतारी संदेश घेणारे आणि सिग्नल देणारे नौसैनिक तिथे शिकत आणि तिथून जहाजांवर पाठवले जात. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ज्या नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध संप पुकारला आणि ज्या संपातून नाविकांचे बंड उभे राहिले, ते याच तलवारचे. तलवार नावाची पहिली फ्रिगेट त्यानंतर, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बांधली गेली, आणि आजची तलवार २००३ मध्ये रशियातून आली. म्हणजे या एका नावाखाली एक शाळा आणि दोन नौका आहेत, आणि तारीख पाहिल्याशिवाय कोणती ते कळत नाही.

आपल्याकडच्या कागदावर नावाआधी 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) अशी अक्षरे असतील, तर तो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा आहे. 'आयएनएस' असेल तर नंतरचा. आजोबांच्या नावापुढे टेलिग्राफिस्ट किंवा सिग्नलमन असा हुद्दा दिसतो का ते पाहावे; दिसत असेल तर ते त्या शाळेत शिकत किंवा शिकवत होते असे मानायला हरकत नाही. दुसरा हुद्दा असेल, उदाहरणार्थ स्वयंपाकी किंवा स्टोअरचा, तर ते तळाच्या कामावर असतील. एखाद्या तळाच्या पटावर नाव असणे म्हणजे माणूस त्या दिवशी तिथेच होता असेही नाही, त्यामुळे पुढच्या पानांवर लागोपाठ येणारी इतर नावे आणि तारखा एकत्र लावून पाहाव्यात. त्यांत एखादे खरे जहाज सापडण्याची शक्यता आहे. आणि सेवा संपल्याची तारीख १९४६ च्या फेब्रुवारीनंतरच्या काही महिन्यांतली असेल, तर तो कागद विशेष जपावा, कारण बंडानंतर अनेक नौसैनिकांना नौदलातून काढण्यात आले आणि त्यांच्या घरच्यांपाशी पुरावा म्हणून एवढेच उरले. त्याला लॅमिनेशन करू नये, ते पुढे काढता येत नाही आणि कागद आत पिवळा पडून ठिसूळ होतो. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मागच्या बाजूचे शिक्केही, कारण अशा कागदांवर तळाचे नाव पुष्कळदा शिक्क्यातच असते.